गुरूचा ठसा आणि शिष्याची मुद्रा

अंबरनाथ पश्चिमेकडील एखाद्या भजनांत काय घडतें तें आठवावें. मुख्य गायक अभंगाचा चरण उचलतो आणि टाळकरी तो एका सुरांत झेलतात. थोड्यांनीं बोलावें, अनेकांनीं उत्तर द्यावें, यांतच सारी गोडी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस युरोपांतील वाद्यवृंदांत हीच युक्ति बहरली. तिला ‘काँचेर्तो ग्रोसो’ म्हणतात. तिचा थोर आचार्य म्हणजे रोममधील व्हायोलिनवादक कोरेली. दोन व्हायोलिनवादक व एक चेलोवादक संवाद सुरू करतात. भोंवतालचा मोठा वृंद त्यांस दुजोरा देतो. कोरेलीचे असे बारा काँचेर्तो त्याच्या मृत्यूनंतर १७१४ सालीं प्रसिद्ध झाले.

जर्मनींत १६८५ सालीं जन्मलेला हँडेल ऐन तारुण्यांत रोमला गेला. १७०८ सालीं तेथें त्याची एक धार्मिक संगीतरचना सादर झाली, तेव्हां वृंदाचें नेतृत्व वृद्धत्वाकडे झुकलेल्या कोरेलीनें केलें. पुढें लंडनवासी झालेल्या हँडेलनें १७३९ सालीं सुमारें एका महिन्यांत बारा काँचेर्तो लिहिले. संख्या तीच, तिघा प्रमुख वादकांची मांडणी तीच, प्रकाशित संग्रहाचा क्रमांकहि तोच—सहावा!

मग ही नक्कल म्हणावी काय? निवाडा कानांनींच करावा. कोरेलीचा आठवा काँचेर्तो नाताळच्या रात्रीसाठीं आहे. त्याच्या शेवटीं धनगरांच्या पाव्याचा भास होतो आणि खालीं एकच स्वर तंबोऱ्यासारखा घुमत राहतो. हँडेलचा सहावा काँचेर्तोहि त्याच स्वरांत बांधलेला आहे. त्यांतहि ग्रामीण वाद्याची तीच घुमणारी धून आहे. पण कोरेली तेथें शांतपणें थांबतो. हँडेल ती धून मध्यावर ठेवतो, ऐसपैस फुलवितो आणि पुढें आणखी दोन वेगवान भाग रचतो. पायवाट गुरूची, चाल मात्र स्वतःची.

आपल्याकडेहि हेंच दिसतें. भास्करबुवा बखले यांनीं १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ नाटकाला चाली दिल्या. त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव यांनीं १९३१ सालीं ‘कान्होपात्रा’ सजविलें. गुरूची तालीम त्यांच्या गळ्यांत होती. परंतु भक्तिरसानें भिजलेली ती रचना त्यांचीच होय.

ऋण लपविणारा चोर ठरतो आणि ऋणांतच अडकणारा नकलाकार होतो. घेतलेलें वाढवून जो पुढच्या पिढीच्या हातीं देतो, तोच गुरूचा खरा वारस.