कातड्याच्या घरातले कवी

(प्रतापगड येथील तरुणांच्या शिबिरात केलेले भाषण)



मुंबईत मी सांगितलं, प्रतापगडला भाषण करायला चाललोय, तर गोदीतला एक म्हणाला, अफझलखानाचा कोथळा काढला तिथे काय? म्हटलं, नाही बाबा, तो साताऱ्याकडचा. हा आमचा, झाडीतला. महाशिवरात्रीला जत्रा भरते, ख्वाजा उस्मान गनी हारूनींच्या दर्ग्यावर उरूस भरतो, आणि दोन्हीकडे तीच माणसं चढतात. त्याला ते काही समजलं नाही. त्याच्या नकाशात नागपूरच्या पुढे कोळसा आणि वाघ, एवढंच.

विषय मला दिलाय युरोपच्या प्रबोधनकाळातली कविता. हसू नका. मी मॅट्रिक. पाठीवर गोणी मारणारा माणूस. पण हा विषय मीच मागून घेतला. का, ते सांगतो.

एका कविसंमेलनात मी कविता वाचली. नंतर चहाच्या टेबलावर एक प्राध्यापक मला म्हणाले, तुझ्यात आग आहे रे, पण संस्कार नाहीत. आधी रेनेसान्स वाच. पेट्रार्क वाच, शेक्सपिअर वाच, मग लिही. मी कप ठेवला आणि निघालो. रात्रपाळी होती. हॅचमध्ये उभा राहून रात्रभर एकच डोक्यात, वाचतोच हरामखोरा. फूटपाथवरून पुस्तकं घेतली, डिक्शनरी घेतली, आणि दोन वर्षं वाचलं.

काय सापडलं ऐका.

शेक्सपिअरचा बाप कोण? हातमोजे शिवणारा. कातडं कमावून मऊ करायचं, कापायचं, शिवायचं. म्हणजे आपल्या गावात ज्याचं घर वेशीबाहेर असतं, तो धंदा. कातड्याचा वास तिथेही तोच असणार, इंग्लंडमध्ये काही चंदनाची जनावरं नव्हती. पण हा जॉन शेक्सपिअर १५६८ साली त्याच्या गावाचा, स्ट्रॅटफर्डचा, नगराध्यक्ष झाला. कुणी गोमूत्र शिंपडलं नाही.

दुसरा मार्लो. शेक्सपिअरच्याच वर्षी, १५६४ साली जन्मला. बाप कँटरबरीचा मोची. पोरगं शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेलं, नाटकं लिहिली, लंडन हादरवलं. १५९३ साली डेप्टफर्डला जेवणाच्या बिलावरून सुरा खाऊन मेलं, वय एकोणतीस. डेप्टफर्ड म्हणजे थेम्स नदीवरची गोदी! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बसलो. आमच्या धक्क्याबाहेरच्या खानावळीत असे राडे मी पाहिलेत.

तिसरा न्यूरेंबर्गचा हान्स साक्स. हा तर स्वतःच जोडे शिवायचा. त्याने हजारो गाणी लिहिली, आणि जोडे शिवायचं सोडलं नाही.

आता कुणी म्हणेल, बघा, तिकडे समता होती. धत्! १५९२ साली ग्रीन नावाच्या, विद्यापीठात शिकलेल्या लेखकाच्या नावाने एक पुस्तिका निघाली. तिच्यात शेक्सपिअरला दुसऱ्याची पिसं लावून मिरवणारा कावळा ठरवलं. कारण? तो विद्यापीठात गेलेला नव्हता, नट होता. म्हणजे माझे प्राध्यापक तिथेही होतेच. फरक एवढाच की तिथे हिणवलेला माणूस नाटकघरात शिरू शकत होता. एका पेनीत उभ्याने नाटक बघणारी माणसं त्याला डोक्यावर घेत. तुमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की मांडव पडतो, रात्रभर नाटक चालतं, त्या गर्दीसारखी ती गर्दी. प्राध्यापकापेक्षा तुम्हाला शेक्सपिअर लवकर कळेल, हे मी उगीच बोलत नाही.

पण मला खरं बोलायचंय ते आपल्या किनाऱ्यावर आलेल्या माणसाबद्दल. लुईस द कामोइश. पोर्तुगीज. एक डोळा लढाईत गेलेला, खिशात दमडी नाही. १५५३ साली शिपाई म्हणून जहाजात चढला आणि गोव्याला उतरला. परत जाताना मोझांबिकला अडकला, मित्रांच्या जिवावर जेवला, मित्रांनीच भाडं भरलं. १५७२ साली त्याचं महाकाव्य छापलं, ‘ओस लुझियादस’. वास्को द गामाच्या सफरीचं. राजाने वर्षाला पंधरा हजार रेइस ठरवले, आणि १५८० साली तो गरिबीतच मेला. इथपर्यंत मला तो आपला माणूस वाटला.

गोदीत एक गोव्याचा म्हातारा कारकून होता. तो म्हणाला, सातवा सर्ग वाच, तुमचं लिहिलंय त्यात. वाचला. गामाची माणसं मलबारला उतरतात. एक मूर माणूस त्यांना देशाची माहिती सांगतो. इथे दोन तऱ्हेचे लोक, वरचे नायर, खालचे पोलिया. पोलिया म्हणजे पुलया. त्यांनी बापाचाच धंदा मरेपर्यंत करायचा, लग्न आपल्यातच. नायराला पोलियाचा स्पर्श झाला तर तो नाना विधी करून शुद्ध होतो. त्यासाठी कामोइशने ‘कास्ता’ हा शब्द वापरलाय. इंग्रजीतला ‘कास्ट’ त्याच पोर्तुगीज शब्दावरून आला.

म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी युरोपच्या महाकाव्यात अस्पृश्यता नोंदलेली आहे! आणि नोंदवून कवी काय करतो? पुढे जातो. दीड कडव्यात विषय संपला. हजारावर कडवी आहेत त्या पुस्तकात, वारा बोलतो, समुद्राचा राक्षस बोलतो, देवदेवता बोलतात. पुलया एक अक्षर बोलत नाही. अरे, तुला उपाशी राहणं माहीत होतं, तुरुंग माहीत होता, मग एकदा तरी त्याच्याकडे वळून बघायचंस! मला हा कवी आवडतो आणि याला माफ करायला मी तयार नाही. दोन्ही खरं आहे.

त्याच्यानंतर आला इंग्लंडचा फादर स्टीफन्स, १५७९ साली गोव्यात. हा शेक्सपिअरच्या काळचा, पण मराठीत लिहिता झाला. दहा हजारांवर ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापलं, रोमन लिपीत. शेक्सपिअर मेला तेच वर्ष. मराठीवर त्याने जीव टाकला, कबूल. पण त्या पुराणात पाद्रीगुरूला प्रश्न विचारायला उभा आहे तो ब्राह्मण. गोव्यात धर्म बदलला तरी बामण बामण राहिला, चारडो चारडो, सुदीर सुदीर. बाबासाहेबांनी आपल्याला नुसतं देऊळ बदलायला सांगितलं नाही, ते याचसाठी.

आणि प्राध्यापकांचा पेट्रार्क? त्यालाही वाचला. १३४१ साली रोममध्ये त्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट ठेवला, समारंभ केला. त्याच्या तीन वर्षं आधी, १३३८ साली, मंगळवेढ्याला वेठीवर गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि चोखामेळा खाली गाडला गेला, असं परंपरा सांगते. पंढरपूरला देवळात जाऊ दिलं नाही म्हणून दाराबाहेर उभा राहून अभंग करणारा आपला चोखा. त्याचं सगळं मला पटत नाही. विठ्ठलापुढे तो फार वाकतो, मागच्या जन्माचं पाप मानतो. पण कविता शिकायला आधी रोमला जा, असं मला पुन्हा कुणी सांगितलं तर मी त्याला मंगळवेढ्याची भिंत दाखवीन.

कामोइशचं इंग्रजी भाषांतर मी आणलंय. एकच प्रत आहे, पानं सुटलीत, सांभाळून. सातव्या सर्गाला सुतळी घातलीय. ज्यांना इंग्रजी येतं त्यांनी आज रात्री बाकीच्यांना वाचून दाखवा, अडलं तर मला उठवा, मी शाळेच्या व्हरांड्यातच झोपतोय. सकाळी मात्र पुस्तक परत पाहिजे. अर्जुनीहून गाडी पकडायचीय, परवा माझी पहिली पाळी आहे.