हबच्या तोंडावरचा गंज

ब्रेक दाबला की पॅडल थरथरतं, स्टिअरिंग हातात नाचतं आणि गॅरेजमधला निकाल ठरलेला असतो : डिस्क वाकली. जुन्या गाडीचा हौशी मालक नवी जोडी मागवून बसवतो, काही दिवस झकास जातात आणि हजार-दोन हजार किलोमीटरनंतर तीच थरथर पुन्हा सुरू होते. मग खापर नव्या मालावर फुटतं, हल्लीच्या लोखंडात दम नाही म्हणून. माझं म्हणणं एवढंच की यातल्या बऱ्याच डिस्क वाकलेल्या नसतातच, त्या तिरक्या बसवलेल्या असतात. जुन्या गाडीत डिस्क बदलणं हे खरेदीपेक्षा साफसफाईचं आणि मोजमापाचं काम आहे.

उदाहरणाला एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेऊ. 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून अशा पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या. पुढे डिस्क आणि मागे ड्रम. पुढची डिस्क पावणेअकरा इंच व्यासाची आणि भरीव, म्हणजे आत हवा खेळायला पोकळी नाही. ती हबला बोल्टांनी आवळलेली असल्यामुळे चाक आणि कॅलिपर काढून भागत नाही, बेअरिंगसकट हबही उतरवावा लागतो. खरी गोची इथेच आहे. जुनी डिस्क सुटली की हबच्या तोंडावर गंजाची खपली दिसते. ती तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत न करता नवी डिस्क वर आवळली, तर खपलीच्या बाजूने डिस्क किंचित उचलली जाते आणि तो फरक कडेला पोचेपर्यंत दुपटीच्या आसपास जातो. डिस्कच्या कडेचं डोलणं साधारण माणसाच्या केसाच्या जाडीच्या आत असावं लागतं. डोळ्याला ते दिसत नाही, डायल गेज लावूनच कळतं. जास्त डोलणारी डिस्क ब्रेक न दाबताही प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी पॅडला घासते, तिथे झिजून पातळ होते आणि मग पाय थरथरतो. म्हणजे दोष पहिल्या दिवशीच बसवलेला असतो, दिसतो तेवढा उशिरा.

कोणी म्हणेल, मूळ डिस्क कशाला फेकायची, लेथवर घासून घ्या, गाडीचं अस्सलपण टिकेल. चेहरा सपाट होईल हे खरं, पण लोखंड कमी होईल. ताशी 80 किलोमीटर वेगाने धावणारी अकराशे किलोची गाडी थांबवताना सुमारे 270 किलोज्यूल उष्णता तयार होते, पाऊण लिटर थंड पाणी उकळीला आणेल एवढी. तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कना सोसावा लागतो. लोखंड जितकं कमी, तितकी डिस्क लवकर तापते आणि ती उष्णता कॅलिपरमधल्या ब्रेक ऑइलपर्यंत जाते. कोरं डॉट 3 ऑइल 205 अंशांच्या पुढे उकळतं, पण पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 140 अंशांवर येते. म्हणून मायक्रोमीटरने मोजलेली जाडी किमान मर्यादेजवळ आली असेल, तर अस्सलपणाचा हट्ट दुसऱ्या एखाद्या भागासाठी राखून ठेवावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : गाडी वर्षातून चारदा बाहेर निघते, झिजणार काय? झिजणार नाही, पण गंजेल. उभ्या गाडीत पॅडखालची जागा वेगळी गंजते, कॅलिपरचे पिस्टन अडकतात आणि ऑइल किलोमीटर न मोजता हवेतला ओलावा पीत राहतं. ब्रिटनमध्ये 2018 पासून चाळीस वर्षांवरच्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. सवलत गोड आहे, पण तपासणाऱ्याची नजर गेली की मालकाचीच उरते.

बाकीची पथ्यं थोडक्यात. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हात घालू नका, स्टँड लावा. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. कॅलिपर होजवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधा. दोन्ही बाजूंच्या डिस्क एकदम बदला आणि पॅडही नवे घाला. डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. बेअरिंगची ढिलाई मॅन्युअलप्रमाणे जुळवा, कारण बेअरिंग सैल असेल तर डिस्क कितीही सरळ बसवा, ती डोलणारच.

आणि शेवटी, चाकं बसवून गाडी खाली घेतली की लगेच गिअर टाकू नका. नव्या पॅडना जागा करण्यासाठी मागे ढकललेले पिस्टन अजून तिथेच असतात आणि पहिल्या दाबाला पॅडल थेट फरशीला टेकतं. गाडी जागची हलण्याआधी ते घट्ट लागेपर्यंत दाबत राहा.