वाचा-उपचार : गैरसमज आणि योग्य वाट



या शाळेचे अनेक विद्यार्थी आज परप्रांतांत संसार करीत आहेत. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. घरात मराठी, शेजारी तमिळ, शाळेत इंग्रजी. अशा घरातील अडीच वर्षांचे मूल बोलत नसेल, तर दोष भाषांच्या गर्दीला दिला जातो. ‘घरात मराठी बंद करा’ असा सल्ला मिळतो आणि आजी-आजोबांचा नातवंडांशी असलेला संवाद तुटतो. हा सल्ला शास्त्राला धरून नाही. अनेक भाषा कानी पडल्याने वाचादोष उत्पन्न होत नाही. तंजावरच्या मराठी कुटुंबांनी सतराव्या शतकापासून घरात मराठी आणि बाहेर तमिळ अशा दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या आहेत. मुलाचे शब्द मोजताना सर्व भाषांतील शब्द मिळून मोजावेत; खरा दोष सर्वच भाषांत दिसतो.

साधारणपणे वर्षाच्या सुमारास पहिला शब्द येतो आणि दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडू लागते. तसे न घडल्यास ‘बोलेल हळूहळू’ म्हणून वाट पाहू नये. प्रथम श्रवणतपासणी करावी, कारण जे ऐकू येत नाही ते बोलता येत नाही. चेन्नईतील बाल विद्यालय ही संस्था 1969 पासून कर्णबधिर बालकांना शालेय वयापूर्वीच बोलण्याचे शिक्षण देत आहे. लवकर आरंभ करण्याचे मोल तिच्या कार्यातून कळते.

वाचा-उपचार म्हणजे केवळ उच्चारांचा सराव नव्हे. भाषेचे आकलन, तोतरेपणा, आवाजाचे विकार, पक्षाघातानंतर गेलेली वाचा आणि गिळण्यातील अडचण हे सारे त्याच्या कक्षेत येते. म्हणूनच तो आजोबांनाही लागू शकतो. उपचारकाची भेट आठवड्यातून एक-दोनदाच घडते. उरलेले काम जेवताना, अंघोळ घालताना, गोष्ट सांगताना घरीच व्हायचे असते. ते आई-वडिलांच्या स्वाभाविक भाषेतच उत्तम साधते.

उपचारापर्यंत पोहोचण्याची वाट अवघड नाही. बालरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून आरंभ करावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत बालकांची तपासणी होते. चेन्नईनजीक मुट्टुकाडु येथे 2005 साली स्थापन झालेली बहुविकलांग व्यक्तींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तर मुंबईत वांद्रे येथे 1983 पासूनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. उपचारकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे अवश्य विचारावे. स्थानिक उपचारकास मराठी येत नसल्यास घरातील शब्दांची यादी त्याच्या हाती द्यावी; दूरस्थ पद्धतीने मराठी जाणणाऱ्या उपचारकाचे साहाय्यही घेता येते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा समावेश असल्याने पात्र व्यक्तीस प्रमाणपत्र मिळू शकते.

पालकहो, मुलाच्या न बोलण्यात लाज वाटावी असे काहीही नाही. शंका आली त्याच आठवड्यात तपासणीची वेळ ठरवावी आणि तोवर घरात मराठी बोलणे मनमोकळेपणाने चालू ठेवावे.