अंगणातली बोट



मी इंजिनिअर झाले ती सॉफ्टवेअरची. हात कधी काळे झाले नाहीत. २२ जुलै २०२३ ला संग्रामपूर-जळगाव जामोद भागात पूर आला, तेव्हा बाबा गच्चीवर आणि मी पुण्यात फोन कानाला लावून. नंतर मी एक जुनी फायबरची मोटरबोट घेतली नि बाबांच्या अंगणात आणली.

वरून ठणठणीत. नाण्याने ठोकत गेले, तर मागच्या फळीचा आवाज बद्द आला. इंजिन टांगतात तिथलंच आतलं प्लायवूड कुजलेलं. ते खरवडून नवं बसवलं, वर फायबरच्या मॅटचे आणि रेझिनचे थर दिले. हार्डनर शंभराला एक-दोन भागच लागतं. मी भर मे महिन्यात अंदाजाने ओतलं. मगातच दगड झाला, वर धूर! बाबा म्हणाले, "मोजून टाकत जाय वं माय." सर, प्रयोगशाळेत तुम्हीही हेच सांगत होता.

बोट आता गळत नाही. गावातली दोन पोरं ती चालवायला शिकली. पुराच्या धारेत घालायची नाही, साचलेल्या पाण्यातून म्हाताऱ्यांना काढायचं, एवढंच ठरलंय.

तिची गरज कधीच न पडो. पण पुढच्या वेळी मी नुसता फोन धरून बसणार नाही.