गाणं एकीकडे, गाऱ्हाणं दुसरीकडे

(सामुदायिक रेडिओसाठी मुलाखती घेऊ इच्छिणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'ज्येष्ठ मुलाखतकार' असं छापलंय. ज्येष्ठ वगैरे काही नाही. १९८८ ते २००३ अशी पंधरा वर्षं मी एका रेडिओ केंद्रावर हंगामी म्हणून काम केलं, महिन्यातले ठरावीक दिवस. लेखिका, चित्रकार, शाहीर, नाटकवाल्या, धरणग्रस्तांमध्ये काम करणाऱ्या, दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरलेल्या अशा कितीतरी जणी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून गेल्या. बऱ्या झालेल्या मुलाखतींबद्दल बोलायला कुणालाही आवडतं. मी आज तुम्हाला एक बिघडलेली मुलाखत सांगणार आहे. ती मीच बिघडवली.

१९९३ सालची गोष्ट. चैत्र महिना होता. नारायणगावला या दिवसांत तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, आणि गावोगावचे पुढारी यात्रेच्या सुपाऱ्या द्यायला तिथे येतात. हे तुमच्यातल्या जुन्नर-खेडकडच्या मैत्रिणींना सांगायला नको. मला केंद्रावरून 'लोककलावंत' या मालिकेसाठी एका जुन्या गाणाऱ्या बाईंची मुलाखत आणायची होती. त्यांचं नाव मी आज घेत नाही. का, ते पुढे कळेलच. मी त्यांना मावशी म्हणत होते.

खांद्याला जड टेपरेकॉर्डर, पर्समध्ये प्रश्नांचा कागद. कागदावर काय होतं? गाणं कुणाकडून शिकलात, पहिल्यांदा बोर्डावर कधी उभ्या राहिलात, बैठकीची लावणी आणि फडाची लावणी यांत फरक काय, चाळांचं वजन किती. मावशींनी सगळ्याची उत्तरं दिली. फार सुंदर दिली. अदा म्हणजे काय ते त्यांनी बसल्या बसल्या नुसत्या मानेनं दाखवलं, आणि रेडिओवर हे दिसणार नाही म्हणून मी हळहळले. मग त्या एक ओळ गायल्या आणि मध्येच थांबून म्हणाल्या, "ताई, ह्या गाण्याच्या साली माझी उचल फिटली नव्हती."

आणि तिथून त्या बोलतच राहिल्या. उचल म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला फडमालकाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. ती कामातून फेडायची. दसऱ्याला घुंगरू बांधायचे ते उन्हाळा सरेपर्यंत. मध्ये अवकाळी पाऊस पडला, कुणाचं दुखणं निघालं, खेळ बुडाले, की फिटलेली नसलेली उचल पुढच्या सालाच्या डोक्यावर. फडमालकही सावकाराच्या व्याजात, त्यामुळे त्याला तरी किती बोलणार, असं त्याच म्हणाल्या. मग मुलाचं शाळेतलं नाव निघालं. मास्तरांनी फॉर्मवर बापाचं नाव लिही म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी काय लिहिलं, ते त्या सांगत होत्या आणि सांगताना गाण्यातली तीच ओळ पुन्हा पुन्हा गुणगुणत होत्या. त्या ओळीचा अर्थ तेव्हा मला पहिल्यांदा कळला. ती शृंगाराची ओळ होती आणि नव्हतीही.

सगळी मिळून पन्नासेक मिनिटांची टेप. केंद्रावर आले. तिथे मला सांगण्यात आलं की मालिका लोककलेची आहे, हे उचलीचं आणि बापाच्या नावाचं त्यात बसत नाही. ते महिलांच्या समस्यांच्या कार्यक्रमात घ्या. सूचना वाईट हेतूनं केलेली नव्हती. मलाही ती पटली, हे मी कबूल करते. त्या काळी टेप ब्लेडनं कापून चिकटपट्टीनं जोडायची. मी रात्री बसून माझ्या हातानं मावशींचे दोन भाग केले. चौदा मिनिटं कलेची, नावासकट, गाण्यासकट. अकरा मिनिटं समस्येची, 'एक तमाशा कलावंत' एवढ्याच ओळखीवर, गाणं पूर्ण काढून टाकून, कारण गुणगुणण्यामुळे विषयाचं गांभीर्य जातं असं मला वाटलं. मला वाटलं! कुणी सांगितलं नव्हतं.

दोन्ही प्रसारणं मावशींनी ऐकली. दोन महिन्यांनी मी मानधनाच्या कागदावर सही घ्यायला गेले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माझं गाणं एकीकडं लावलं आन् माझं गाऱ्हाणं दुसरीकडं. मधी मी व्हते, ती कुठं गेली?" सही केली, चहा दिला. पुन्हा कधी त्यांनी मला मुलाखत दिली नाही.

पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' आलं. आईचं नाव स्वतःच्या नावात लावून लिहिलेलं ते पुस्तक लोकांनी वाचलं, हळहळले, चर्चा झाल्या. मी वाचत होते आणि मला माझी ती कापलेली टेप आठवत होती. आता २०२४ पासून महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आईचं नाव लावायचा निर्णय लागू झाला आहे, आणि ते चांगलंच झालं. पण फॉर्मवरच्या त्या रिकाम्या जागेत काय भरायचं याचा विचार करत एक बाई गाणं रचते किंवा गाते, हे आपल्या मुलाखतींतून कधी ऐकू आलं का?

मुलाखतीच्या खुर्चीवर आधीच पाटी लावलेली असते, असं मला हळूहळू दिसायला लागलं. कवी बसला की त्याला प्रतिमांबद्दल विचारतात. दलित लेखिका बसली की तिला व्यथेबद्दल विचारतात. तिनं वाक्य कसं घडवलं, कुठला शब्द खोडला, बोलीत लिहायचं की प्रमाण भाषेत हे कसं ठरवलं, हे कुणी विचारत नाही. जणू दुःख आपोआप कागदावर सांडलं. आणि मोर्च्यातली कार्यकर्ती बसली की तिला मागण्या विचारायच्या. ती रात्री ओव्या म्हणते, तिच्या घरी ढोलकी आहे, हे टेप बंद झाल्यावर कळतं. खरं बोलणं टेप बंद झाल्यावर सुरू होतं, हा रेडिओवाल्यांचा जुना अनुभव आहे. त्यावर माझा उपाय साधा होता. मी यंत्र आवरायला मुद्दाम वेळ लावायची आणि त्यांना विचारून पुन्हा चालू करायची. विचारून, हं.

याच्या उलटं काय असतं ते मला रेडिओवर नाही, एका पुस्तकात सापडलं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ साली आलं. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या बायांना या दोघी जाऊन भेटल्या, त्यांच्या मुलाखती घेतल्या. शीर्षकातच बघा, प्रश्न 'तुमच्यावर काय गुदरलं' हा नाही, 'तुम्ही काय केलंत' हा आहे. आपल्या मुलाखतीतला पहिला प्रश्न या दोनपैकी कुठला आहे एवढं जरी तुम्ही तपासलंत तरी निम्मं काम होईल.

रेडिओवर हे एका माणसानं सातत्यानं केलं. तो आपल्याकडचा नाही, अमेरिकेतल्या शिकागोचा. स्टड्स टर्केल. १९५२ ते १९९७ तो डब्ल्यूएफएमटी नावाच्या केंद्रावर मुलाखती घेत होता. त्याआधी त्याचा टेलिव्हिजनवरचा कार्यक्रम बंद पडला होता. डाव्या विचारांच्या लोकांना कामावरून काढण्याचा तो काळ होता. त्याच्याकडे नाटककार लोरेन हॅन्सबेरी आली, गायिका महालिया जॅक्सन आली, आणि नाव नसलेली कितीतरी माणसं आली. १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या मोर्चाला निघालेल्या लोकांबरोबर तो आगगाडीत बसला आणि प्रवासातच त्यांचं बोलणं टिपत गेला. गाणारीला तिच्या हक्कांबद्दल आणि कामगाराला त्याच्या आवडत्या गाण्याबद्दल विचारायला तो कचरत नव्हता. यंत्राच्या बाबतीत मात्र अगदी आपल्यासारखाच, म्हणजे गोंधळलेला. काही नामवंतांच्या मुलाखती त्याच्या हातून पुसल्या गेल्या, आणि हे तो स्वतःच हसत सांगायचा.

त्याचा एक किस्सा मला फार जवळचा वाटतो. सरकारी चाळीतल्या एका गरीब बाईशी तो बोलला. तिची लहान मुलं भोवती नाचत होती, आईचा आवाज यंत्रातून ऐकायचा म्हणून हट्ट करत होती. त्यानं टेप मागे फिरवून लावली. मुलं हसली. बाईनं मात्र तोंडावर हात ठेवला, आणि म्हणाली की मला असं वाटतं हे मला आजवर माहीतच नव्हतं.

मी पंधरा वर्षांत एकाही बाईला तिची टेप प्रसारणाआधी ऐकवली नाही. तशी पद्धत नव्हती. मावशींना ऐकवली असती तर ती कापायची माझी हिंमत झाली असती का, कुणास ठाऊक.

आता तुमच्या रेडिओकडे येते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं. पण सार्वजनिक म्हणजे बायांचीही, हे कागदावरून हवेत यायला वेळ लागला. आधी शैक्षणिक संस्थांना परवाने मिळाले, आणि २००६ च्या नोव्हेंबरात स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा मिळाली. तेलंगणातल्या जहीराबादजवळ माचनूर गावात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित, कोरडवाहू शेतकरी बायांचं केंद्र १९९८ च्या सुमारासच उभं होतं. परवाना नाही म्हणून त्या कॅसेट भरायच्या आणि गावोगावच्या संघमांमध्ये वाजवायच्या. दहा वर्षं! १५ ऑक्टोबर २००८ रोजी, ग्रामीण महिला दिनी, 'संघम रेडिओ' हवेत गेला. आपल्याकडे म्हसवडला माणदेशीच्या बायांचं केंद्रही २००८ मधलंच.

संघम रेडिओवर बियाण्याबद्दल बोलणारी आणि पेरणीचं गाणं म्हणणारी बाई एकच असते. तिथे कला आणि शेती असे दोन विभाग नाहीत. शिवाय प्रश्न विचारणारीही शेजारच्या गावची असते, तिच्याच तेलुगूत बोलते. मोठ्या केंद्रांवरची तेलुगू आमची नाही, अशी तिथल्या बायांची तक्रार होतीच. मावशींना त्यांच्या वस्तीतल्या एखाद्या मुलीनं विचारलं असतं तर उचल म्हणजे काय हे समजावून सांगण्यात त्यांची दहा मिनिटं गेली नसती, हा विचार माझ्या मनात येतो. पण त्या मुलीसमोर त्या शाळेच्या फॉर्मचं बोलल्या असत्या का? तेही सांगता येत नाही. परक्या बाईशी काही गोष्टी सोप्या जातात. आपली माणसं ही नेहमीच मोकळी जागा असते असं समजू नका.

नियमांचं थोडक्यात. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. त्यामुळे कार्यकर्तीची मुलाखत घेताना तुमचे चालक घाबरतील. घाबरू द्या, पण तुम्ही ती मुलाखत सोडू नका. विहीर बाटली म्हणून कुणाला पाणी मिळालं नाही तर त्या बाईला तिच्या तोंडून, तिच्या अनुभवातून सांगू द्या. दुसरं, धोरणाप्रमाणे प्रसारित झालेले कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावे लागतात. तीन महिने ही किमान मर्यादा आहे हो, पुसायचा मुहूर्त नव्हे! टर्केलच्या हजारो मुलाखती केंद्रानं ठेवल्या म्हणून त्या शिकागोच्या इतिहास संग्रहालयात गेल्या आणि २०१८ पासून लोकांना खुल्या आहेत. आमच्याकडे टेप महाग, म्हणून तिच्यावरच पुढचा कार्यक्रम भरायचा. मावशींच्या पन्नास मिनिटांवर बहुधा पाककृती गेल्या असतील. आज तुमच्या मोबाइलमध्ये जागा संपली की तुम्हीही तेच करता. मुंबईत 'स्पॅरो' ही संस्था १९८८ पासून बायांचे आवाज आणि छायाचित्रं जतन करते आहे. तिथे जाऊन एकदा बघून या, जतन करणं म्हणजे किती वेळखाऊ काम आहे ते कळेल.

आणि आता आपल्याच घरातलं. रेडिओ केंद्रानं मावशींना थोडं का होईना मानधन दिलं. आपण काय देतो? आपल्या सभेत पाहुण्या यायला उशीर झाला की आपण म्हणतो, तोवर एक गाणं होऊन जाऊ द्या. गाणारी उठते, गाते, पाहुण्या आल्या की अर्ध्यात बसते. तिला कधी आपण व्यासपीठावर बोलायला बोलावलंय? चळवळीत गाणं म्हणजे सतरंजी झालं आहे, आधी अंथरायचं आणि मग त्यावर आपण बसायचं. मी हे रागानं बोलते आहे, कारण मीही सूत्रसंचालन करताना ते वाक्य अनेकदा उच्चारलं आहे.

बरं. मला चिठ्ठी आली आहे की चहा तयार आहे. चहानंतर जोड्या करा, शक्यतो अनोळखी बाईबरोबर. वीस वीस मिनिटं एकमेकींची मुलाखत घ्यायची. प्रश्नांचा कागद करू नका. संपल्यावर जिचा आवाज आहे तिला पूर्ण ऐकवा, तेवढीच वीस मिनिटं जाऊ देत. काय ठेवायचं, काय काढायचं आणि नाव लावायचं की नाही हे तिनं सांगायचं. कात्री आज तिच्या हातात. तिनं सगळंच पुसा म्हटलं तर पुसायचं, आणि संध्याकाळी परत जमल्यावर मला फक्त एवढंच सांगायचं की पुसलं.