पुरानंतरचं घर कुणाच्या मापाचं?

मंडळी, बाहेर एप्रिलचं ऊन, आत कूलरची घरघर, आणि मी पुराविषयी बोलायला उभा आहे. हे व्याख्यान पावसाळ्यात ठेवायला हवं होतं, असं कुणाला वाटत असेल तर एवढंच सांगतो की, ज्यांनी ते ऐकायला हवं ते सगळे पावसाळ्यात पंचनाम्यावर असतात. (हशा) २२ जुलै २०२३ तुम्हाला मी काय सांगणार? महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पडलेला वेढा, यवतमाळ शहरात घुसलेलं पाणी, हवाई दलाकडे मागितलेली मदत, सगळं तुम्हाला ठाऊक आहे. २०२१च्या सप्टेंबरात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात वाहून गेलेली एसटीही तुम्ही विसरला नसाल. मला बोलायचंय ते पाणी ओसरल्यानंतरच्या महिन्यांविषयी, आणि घरात आधीपासूनच अपंग असलेल्या माणसाविषयी. माझं म्हणणं एकच आहे. आपत्तीनंतरची मदत आपण मालमत्तेच्या मापाने देतो, घरात राहणाऱ्या माणसांच्या मापाने देत नाही. या दोन मापांत जी तूट पडते, ती घरातलं कुणीतरी, बहुधा बाई, स्वतःच्या पाठीवर भरून काढते.

केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेले मदतीचे निकष काढून बघा. आपत्तीत हातपाय किंवा डोळे गमावले, तर ४० ते ६० टक्के अपंगत्वाला ७४ हजार रुपये आणि त्यापुढे अडीच लाख. म्हणजे पुराने ज्याला अपंग केलं त्याची नोंद आहे. दुभती म्हैस गेली तर ३७ हजार ५०० रुपये, शेळीला ४ हजार, कपड्यांना अडीच हजार, भांड्यांना अडीच हजार. कुबड्या, कृत्रिम पाय, श्रवणयंत्र, तीनचाकी सायकल यांना मात्र स्वतंत्र ओळ नाही. म्हशीवर माझा राग नाही. (हशा) पण त्या सायकलीचं काय होतं ते जरा जवळून बघा. हाताने फिरवायची ही सायकल दरवेळी वाहून जातेच असं नाही. अंगणात आडवी पडलेली सापडते. बादलीभर पाणी मारलं की धडधाकट दिसते. पण बेअरिंगमध्ये काळ्या मातीचा गाळ शिरलेला असतो, ग्रीस धुऊन गेलेलं असतं, साखळी तांबूस पडायला लागते आणि थोड्या दिवसांत चाक अडतं. पंचनामा तोवर होऊन गेलेला असतो आणि त्यात सायकलीचं नुकसान शून्य. नवी मागायला जावं तर केंद्राच्या साहाय्यक उपकरणांच्या योजनेत एकदा साधन मिळालं की साधारणपणे तीन वर्षं त्याच कामासाठी दुसरं मिळत नाही. ही अट पैनगंगेला कुणी कळवलेली नाही. मग तो माणूस दुकानात, दवाखान्यात, तहसिलीत कसा जातो? भावाच्या पाठीवर, बायकोच्या खांद्यावर. पुराआधी जो स्वतः जात होता, तो पुरानंतर न्यावा लागतो. त्याचं अपंगत्व वाढलं, पण पाण्याने त्याच्या शरीराला काही केलं नाही, म्हणून ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

साधनांचं झालं, आता घरांचं: किल्लारीचा भूकंप. यासाठी पाच मिनिटं राखली होती, पण ती पुरणार नाहीत, हे आधीच कबूल करतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. सरकारी आकड्यांनुसारच जवळपास आठ हजार माणसं गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. कुणाला किती मोठं घर द्यायचं, हे कशावर ठरलं? जमिनीवर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याहून मोठ्या खातेदाराला ७५०. ढिगाऱ्याखाली मणका मोडलेला शेतमजूर २५० फुटांत, आणि दोनच धडधाकट माणसं असलेलं मोठं खातं ७५० फुटांत. चाकाची खुर्ची जागच्या जागी वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. २५० फुटांत खाट, चूल, धान्याची कोठी आणि सहा माणसं मांडल्यावर हा दीड मीटर कुठून काढायचा? गावंही बदलली. अरुंद बोळांऐवजी रुंद सरळ रस्ते, ऐसपैस प्लॉट. त्याला कारण होतं, ते मी नाकारत नाही: दगडमातीच्या जाड भिंतींनीच माणसं मारली होती आणि जुन्या जागी राहायला लोक घाबरत होते, अनेकांनी स्वतःच नवी जागा मागितली. पण अंध माणसाला बोळ तोंडपाठ असतो. हात भिंतीला लावून तो विहिरीपर्यंत जातो. रुंद रस्त्यावर हात लावायला भिंतच नसते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हाक बोळात शेजारी पोचते, मोठ्या प्लॉटवरून पोचत नाही. त्याच पुनर्वसन कार्यक्रमाचा दुसरा भागही सांगायला हवा. हजाराहून अधिक गावांत घरं हलवली नाहीत, जागीच दुरुस्त केली. पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाकडे गेले आणि प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीने गावातल्याच बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. हा मार्ग अपंगांसाठी आखलेला नव्हता. तरी उंबरठा काढायचा की ठेवायचा, न्हाणी कुठे घ्यायची, हे ठरवायची सोय त्यात होती, आणि शेजार शाबूत होता.

एक चिठ्ठी आली आहे: ‘आपल्याकडे नातेवाईक असतात, आपण काय परदेशी आहोत का?’ नातेवाईक असतात, म्हणूनच तर बोलतोय. ज्याचं शेत खरडून गेलं, ज्याला दुबार पेरणी करायची आहे, ज्याची मजुरी बुडते आहे, तोच हा नातेवाईक. सांभाळणाऱ्यालाही मोबदला हवा हे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानलं आहे. जास्त आधार लागणाऱ्यांच्या बाबतीत काळजीवाहक भत्त्याची तरतूद त्यात आहे आणि सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा निदान २५ टक्के जास्त मदत द्यावी असंही म्हटलं आहे. दुसरा आक्षेप बोगस प्रमाणपत्रांचा. तो खरा आहे. पण मी नवी यादी मागतच नाही. संजय गांधी निराधार योजनेची यादी तहसिलीत पडून आहे, दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रांची नोंद संगणकात आहे. तलाठ्याने पंचनाम्याला निघताना ती बरोबर घ्यावी, एवढंच. तिसरा आक्षेप असा की आधी जीव वाचवावा, याद्या नंतर. जपानचा अनुभव उलटा आहे. २०११च्या भूकंप-त्सुनामीत अपंगांच्या मृत्यूचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट निघालं, आणि २०२१ मध्ये तिथे कायदा बदलून अशा प्रत्येक माणसाचा वेगळा सुटकेचा आराखडा करण्यासाठी प्रयत्न करण्याची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली. यादी आधी असेल तरच जीव वाचतो. मागे कुणीतरी विचारतंय, या सभागृहाला रॅम्प आहे का. आहे, पण त्यावर आज जादा खुर्च्यांची चळत ठेवली आहे. (हशा) संयोजकांनी मनाला लावून घेऊ नये. गर्दी जास्त झाली, हा तुमचाच मोठेपणा.

अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, तेव्हा झरी जामणीतल्या कोलाम पोडांचं, आणि उमरखेडहून प्रमाणपत्रासाठी शंभराहून जास्त किलोमीटर यवतमाळला येण्याचं राहूनच गेलं. कायद्याचं एकच सांगतो. जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवणं हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं काम आहे, असं २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं आठवं कलम सांगतं. पुनर्बांधणी त्यांना वावरता येईल अशीच व्हावी, हेही त्यातच आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. बेअरिंग बदलायला त्यातला किरकोळ भागही पुरेल. येत्या १ मेला गावोगाव ग्रामसभा आहेत. तुमच्या गावच्या सभेत दोन ठराव मांडा: पंचनाम्यात अपंग माणसाची आणि त्याच्या साधनांची वेगळी नोंद व्हावी, आणि पडलेलं घर बांधताना दार, उंबरठा, न्हाणी त्याला विचारून ठरावी. ठरावाची नक्कल पावसाळ्याआधी तहसिलीत द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.