तलफ येते, तशी जातेही

कल्याण, मुंब्रा, पनवेल आणि महापे इकडच्या वाटा शीळफाट्यावर मिळतात. तिथे गाड्यांची रांग लागली, की ड्रायव्हरचा हात आपसूक विडीच्या बंडलाकडे जातो. रांग केव्हा सुटेल, हे कुणी सांगावे! पण तलफेचे तसे नाही. विडी ओढा वा न ओढा, ती बहुधा पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ निभावायचा, एवढेच आपले काम.

विडी सोडल्यावर पहिला आठवडा जड जातो. चिडचिड होते, झोप उडते. शरीराला निकोटिनची सवय जडलेली असते, म्हणून हे होते. तीन-चार आठवड्यांत त्याचा जोर पुष्कळ उतरतो.

तलफ आली की घोट घोट पाणी प्या. लवंग किंवा बडीशेप चघळा. मिश्री वा तंबाखू मात्र नको. निकोटिन त्यांतही आहेच. चार पावले चाला, हाताला काही काम द्या. चहामागोमाग विडी लागत असेल, तर काही दिवस चहाची जागा आणि सोबत बदला. एवढ्याने भागले नाही, तर डॉक्टरांना विचारा. निकोटिनचे च्युइंगम मिळते. १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो. एखादे दिवशी नेम मोडला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरा.

आणि गुरुजी, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. पण मुले कायद्यापेक्षा तुमच्याकडे पाहून शिकतात. तेव्हा सुरुवात तुम्हीच करा ना!